दुसरी फेरी

आमच्या तालुक्यात एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही, ‘फोटो’ म्हणतात. ‘ताई, छातीचा फोटो काढायचाय’ असे म्हणत माणसे दारात उभी राहतात आणि फोटो काढून झाला की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग काय निघालं?’ मी 1996 साली ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हापासून या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता आणि आजही नाही. फोटो काढणे हे माझे काम आणि तो वाचणे हे डॉक्टरांचे. मात्र या दोन कामांच्या मधे किती दिवस जातात आणि त्या दिवसांत काय काय घडते, हे माझ्याइतके जवळून फार थोड्या लोकांनी पाहिले असेल. विकसनशील देशात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि यंत्रमानव यांचा काय उपयोग, अशी चर्चा हल्ली सगळीकडे चालते. त्या चर्चेत मला घालता येईल अशी भर या मधल्या दिवसांपुरतीच आहे.

त्या काळी फिल्म डार्करूममध्ये हाताने धुवावी लागे. आधी डेव्हलपर, मग पाणी, मग फिक्सर, पुन्हा पाणी आणि शेवटी चिमट्याला लावून वाळत घालणे. पावसाळ्यात वीज गेली की एकेक फिल्म वाळायला दुपार होई. साधे निदान आमचे वैद्यकीय अधिकारी करीत, पण छातीच्या वरच्या भागात पुसट डाग दिसला आणि तो क्षयाचा की जुन्या न्यूमोनियाचा असा पेच पडला, की फिल्म पाकिटात घालून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायची. पाकीट बहुतेक वेळा एसटीने जाई. अहवाल यायला आठ दिवस लागत, कधी दहा. तोवर रोग्याला आम्ही सांगत असू की पुढच्या बाजारच्या दिवशी या.

पुढच्या बाजाराला सगळे येत नसत. एक गृहस्थ मला अजून आठवतात. ऊसतोडीला जाणारे, वय चाळिशीच्या आत, दोन महिन्यांपासून खोकला. फोटो काढला तो दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. अहवाल आला तेव्हा त्यांची टोळी निघून गेली होती. मुकादमाने उचल दिलेली, कोयता घेतलेला, कारखाना पार दुसऱ्या जिल्ह्यात. अहवालावर ‘क्षयरोगाची शक्यता’ असे स्वच्छ लिहिले होते आणि तो कागद आमच्या टेबलाच्या खणात चैत्रापर्यंत पडून राहिला. ते परत आले तेव्हा त्यांच्यासोबत त्यांची पत्नीही खोकत होती. त्या सहा महिन्यांत उसाच्या फडात आणि पाचटाच्या कोपीत आणखी कोणाकोणाला लागण झाली असेल, याचा हिशेब कोणीही ठेवलेला नाही.

यात डॉक्टरांची चूक नव्हती आणि त्या गृहस्थांचीही नव्हती. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला दवाखान्याची पहिली फेरी कशीबशी जमते. दुसऱ्या फेरीत त्या दिवसाची मजुरी, गाडीभाडे आणि मुलांना कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न, अशा तिन्ही गोष्टी उभ्या राहतात. गरीब देशात रोग वाढतो तो पुष्कळदा या दुसऱ्या फेरीच्या अंतरात. म्हणून कोणतेही नवे यंत्र आले की मी एवढेच पाहते, की याने कोणाची एखादी फेरी वाचते का.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या भागात हातात धरता येईल असे एक्स-रे यंत्र शिबिरांसाठी येऊ लागले. या प्रकारची काही यंत्रे साडेतीन किलोंच्या आसपास भरतात. कॅमेऱ्यासारखी दोन्ही हातांत धरायची. समोर स्टँडवर डिटेक्टरची पाटी, शेजारी लॅपटॉप, अंगावर शिशाचा अ‍ॅप्रन. जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग असो की मंदिराचा सभामंडप, बॅटरी भरलेली असली की काम सुरू. ‘हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे, मोठा श्वास घ्या, रोखा’ हे शब्द तेच, पण फोटो काही सेकंदांत पडद्यावर येतो आणि मिनिटाभरात संगणकातील प्रणाली तो वाचून शून्य ते एक यांमधला एक आकडा देते. आकडा जितका एकच्या जवळ, तितका क्षयाचा संशय दाट. ज्या जागेमुळे संशय आला ती जागा लालसर रंगाने दाखवली जाते. यातल्या काही प्रणाली इंटरनेटशिवायही चालतात, हे आमच्यासारख्या डोंगराळ भागात फार महत्त्वाचे आहे.

ही प्रणाली क्षय म्हणजे काय हे जाणत नाही. तज्ज्ञांनी आधी वाचलेले लाखो फोटो तिला दाखवलेले असतात. कोणत्या फोटोला रोगी म्हटले आणि कोणत्याला निरोगी, यावरून ती डागांची, पोकळ्यांची आणि पाण्याची ठेवण ओळखायला शिकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या प्राथमिक तपासणीसाठी, माणसाने फोटो वाचण्याला पर्याय म्हणून अशा प्रणाली वापरण्याची शिफारस केली. त्यामुळे लहान मुलांचे फोटो आजही आम्ही डॉक्टरांकडेच पाठवतो. मुंबईत 2016 साली सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची अशी प्रणाली आज अनेक देशांत वापरली जाते. हे काम आपल्याकडे व्हावे यात नवल नाही, कारण जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. (ज्या फोटोंवर या प्रणाली शिकतात, त्यांत गरीब रोग्यांच्या छातीचे फोटो असणारच. सरकारी दवाखान्यासाठी त्यांची किंमत ठरवताना हे कोणीतरी लक्षात ठेवावे, असे मला वाटते.)

फोटो एवढा का महत्त्वाचा, असे कोणी विचारील. पूर्वी आम्ही खोकला असेल त्यालाच तपासत असू. 2019 ते 2021 या काळात देशभर जे राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झाले, त्यात असे आढळले की फक्त लक्षणे विचारून थांबलो असतो तर सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के निसटले असते. ते फोटोमुळे सापडले. म्हणजे खोकला नाही, ताप नाही, वजनही फारसे उतरलेले नाही, आणि फुप्फुसात रोग आहे. असा माणूस आपण होऊन दवाखान्यात येत नाही, त्याच्या गावात जाऊन सगळ्यांचे फोटो काढावे लागतात. डिसेंबर 2024 मध्ये देशातील 347 जिल्ह्यांत शंभर दिवसांची जी मोहीम सुरू झाली, तिच्यामागे हाच विचार होता. पण एका दिवसात दोनशे फोटो निघाले तर ते वाचणार कोण? क्ष-किरणतज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जे एखाद-दुसरे आहेत त्यांच्यापुढे अपघातांच्या, बाळंतपणांच्या तपासण्यांची रांग असते. या जागी यंत्राने कोणा माणसाचे काम हिरावलेले नाही, कारण तिथे माणूस नव्हताच.

मात्र यंत्रावर डोळे झाकून विसंबणाऱ्यांसाठी एक प्रसंग सांगते. एका शिबिरात पंचवीस-सव्वीस वर्षांच्या एका बाईंचा आकडा 0.71 आला आणि डाव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला लाल ठिपका उमटला. सोबतच्या आशा स्वयंसेविकेचा, आशाताईंचा, चेहरा लगेच उतरला, कारण ती बाई त्यांच्याच गल्लीतली, आणि क्षयाचा नुसता संशय आला तरी सासरी काय होते हे त्यांना ठाऊक होते. मी फोटोकडे पाहिले. सावलीची कड जरा जास्तच दोरीसारखी वाटत होती. बाईंची जाड, तेल लावलेली वेणी खांद्यावरून पुढे आली होती. वेणी डोक्यावर बांधली, पुन्हा फोटो काढला, आकडा 0.08. पूर्वीच्या तंत्रज्ञांना हे माहीत असते, कारण फिल्मवर वेणीची सावली हुबेहूब क्षयाच्या डागासारखी दिसते. तावीज, मंगळसूत्राची वाटी, ब्लाउजचे हूक हे सगळे त्याच जातीचे. तेव्हापासून रांगेतच वेण्या वर बांधून घेण्याचे काम आशाताईंनी स्वतःकडे घेतले आहे.

दुसरी अडचण जुन्या डागांची. दहा-बारा वर्षांपूर्वी औषधे पूर्ण घेऊन बरे झालेल्या माणसाच्या फुप्फुसावर वण राहतो. प्रणाली त्याला 0.9 देते, आणि तो बिचारा सांगत असतो की ताई, मी केव्हाच बरा झालो. दगडाच्या खाणीत आणि खडी क्रशरवर काम करणाऱ्यांच्या छातीत धुळीचे डाग असतात, तिथेही असेच होते. म्हणून या आकड्याला निदान म्हणायचे नाही, कोणाचा बेडका तपासायचा एवढेच त्यावरून ठरवायचे.

आणि इथे एक असा प्रश्न येतो ज्यावर जाहीरपणे बोलणे व्हायला हवे. संशयित कोणाला म्हणायचे ती रेघ माणूस आखतो. समजा, दोनशे जणांच्या शिबिरात रेघ 0.5 वर आखली तर बारा जण संशयित ठरतील, आणि 0.3 वर आखली तर तीस. रेघ खाली आणली तर सुटणारे रुग्ण कमी होतात, पण तपासणीचा खर्च अडीचपट होतो आणि आणखी अठरा घरांत, बहुतेक विनाकारण, काळजी शिरते. रेघ वर नेली तर पैसे वाचतात आणि एखादा ऊसतोड कामगार पुन्हा खणातल्या कागदासारखा राहून जातो. हा निर्णय गणिताचा दिसत असला तरी तो तिजोरीचा आणि माणुसकीचा आहे. तो कंपनीच्या अभियंत्याने ठरवलेल्या आकड्यावर सोडून देऊ नये.

संशयित ठरलेल्यांना डबी द्यायची. ‘थुंकी नको, बेडका हवा, छातीतून खोकून काढा’ हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणते याची गणती नाही. मग तो नमुना सीबीनाट किंवा ट्रूनॅट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर जातो. ट्रूनॅट हे गोव्याच्या मोलबायो कंपनीचे, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र. त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 2020 साली मिळाली. जंतू आहे की नाही हे साधारण तासाभरात कळते, आणि असल्यास तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का, हे आणखी तासाभरात. म्हणजे सकाळी फोटो, दुपारी बेडक्याचा निकाल, संध्याकाळी गोळ्यांचे पाकीट आणि क्षयरुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद, असे सगळे एका दिवसात, एकाच फेरीत होऊ शकते. मी असे दिवस पाहिले आहेत.

आणि न झालेलेही पाहिले आहेत. एकदा फोटो झाले, आकडे आले, पण ट्रूनॅटच्या चिप्स संपलेल्या. अकरा माणसांना ‘पुढच्या आठवड्यात या’ सांगावे लागले आणि त्यांतले चार आले. एक काळ असा होता की गोळ्या आठवड्याच्या हिशेबाने तोडून द्याव्या लागत. यंत्र एका मिनिटात वाचते म्हणून साखळीतले बाकीचे दुवे आपोआप जलद होत नाहीत. उलट पुढे काही मिळणार नसेल तर एवढ्या लवकर संशय कळून त्या माणसाने करायचे काय? रुग्णाला पोषणासाठी महिन्याला जे पाचशे रुपये मिळत, ते नोव्हेंबर 2024 पासून हजार झाले. सहा महिन्यांची औषधे टिकवून धरण्यात या हजार रुपयांचा वाटा यंत्रापेक्षा कमी नाही.

यंत्राने फेरी वाढवल्याचे ठळक उदाहरण थायलंडचे आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारी गूगलची प्रणाली तिथल्या अकरा दवाखान्यांत लावली होती. हीच विद्या भारतात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या व चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या सहकार्याने विकसित झाली होती आणि 2016 साली तिचे निकाल तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले होते. पण थायलंडच्या दवाखान्यांत खोल्या पुरेशा अंधाऱ्या नव्हत्या, परिचारिकांना घाई होती, आणि पहिल्या सहा महिन्यांतल्या 1,838 छायाचित्रांपैकी 21 टक्के छायाचित्रे ‘वाचण्याजोगी नाहीत’ म्हणून प्रणालीने परत केली. ज्यांची छायाचित्रे परत आली त्यांना दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी जाण्यास सांगितले गेले. प्रयोगशाळेत हुशार ठरलेले यंत्र खिडकीच्या पडद्यावाचून अडले. आमच्या वेणीचीच ही थोरली बहीण.

याउलट, फेरी वाचवणारा यंत्रमानव पाहायचा तर रवांडाकडे पाहावे. डोंगरांनी भरलेल्या त्या छोट्या देशात ऑक्टोबर 2016 पासून झिपलाइन कंपनीची मानवविरहित विमाने रक्ताच्या पिशव्या पोहोचवतात. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला की परिचारिका मागणी कळवते आणि पॅराशूटला बांधलेले खोके दवाखान्याच्या आवारात उतरते. पुढे झालेल्या अभ्यासात रस्त्यापेक्षा 79 ते 98 मिनिटे लवकर रक्त पोहोचत असल्याचे आणि मुदत संपून वाया जाणाऱ्या पिशव्या 67 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. मला यात वाया न जाणे हा भाग जास्त मोलाचा वाटतो. रक्त लवकर येते म्हटल्यावर प्रत्येक दवाखान्याला साठा करून ठेवण्याची गरज उरत नाही. आपल्याकडेही डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी कोविड लशीचे तीनशे डोस ड्रोनने नऊ मिनिटांच्या आसपास पोहोचले होते. रस्त्याने तेवढ्याला चाळीस मिनिटे लागतात. त्या दिवशी ड्रोनचे फोटो पुष्कळ निघाले. रवांडात मात्र हे रोज घडते, आणि खरा फरक तिथे आहे.

शेतकऱ्याची दुसरी फेरी म्हणजे दुबार पेरणी. पहिल्या सरीवर विसंबून बियाणे टाकायचे, मग पावसाने वीस दिवस दडी मारायची, आणि पुन्हा कर्ज काढून बियाणे आणायचे. 2025 साली मान्सून 26 मे रोजीच मुंबईत येऊन थडकला आणि मग अडखळला. त्या हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला पावसाच्या आगमनाचा अंदाज 13 राज्यांतील सुमारे 3 कोटी 80 लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला, आणि मधल्या खंडाची सूचनाही दिली. हा संदेश वाचून किती जणांनी पेरणी थांबवली हे सांगणारी मी कोण. पण पेरणी थांबवण्यासाठी पैसे लागत नाहीत, नुसती वेळेवर माहिती लागते, एवढे मला माझ्या माहेरच्या शेतावरून कळते.

काही फेऱ्या मात्र अशा आहेत की त्या पहिल्यांदाही घडू नयेत. गटाराच्या चेंबरमध्ये माणसाने उतरणे ही त्यांतली. हाताने मैला उपसण्याविरुद्ध 1993 साली एक कायदा झाला, 2013 साली त्याहून कडक झाला. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवली, आणि तरीही हायड्रोजन सल्फाइडने गुदमरून माणसे मरतात. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. केरळातील तरुण अभियंत्यांनी बनवलेला बँडिकूट नावाचा यंत्रमानव 2018 साली तिरुवनंतपुरममध्ये वापरात आला. बँडिकूट म्हणजे आपली घूस. (सरकारी कामात घूस उपयोगी पडल्याचे हे एकच उदाहरण मला माहीत आहे.) त्याचा हात कॅमेऱ्यासह चेंबरमध्ये उतरतो, विषारी वायू मोजतो, गाळ उपसतो, आणि पूर्वी स्वतः उतरणारा कामगार वर उभा राहून पडद्यावर पाहून त्याला चालवतो. तो चालवण्याचे शिक्षण त्याच सफाई कामगारांना दिले गेले, ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. अडचण तंत्राची उरलेली नाही. जोवर ठेकेदाराला दिवसाच्या मजुरीवर उतरणारा माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो, तोवर यंत्र महापालिकेच्या शेडमध्येच उभे राहते.

मला पुष्कळदा विचारतात की तुमची नोकरी जाईल का. माझ्या निवृत्तीला फार वर्षे नाहीत, तेव्हा हा प्रश्न माझ्यापेक्षा माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींचा आहे. त्यांना मी सांगते, की फोटो वाचणारे यंत्र आल्यापासून फोटो काढणाऱ्यांची गरज वाढली आहे. पूर्वी आठवड्याला जेवढे फोटो काढत होते तेवढे आता शिबिराच्या एका दिवसात निघतात. ‘मग काय निघालं?’ याचे उत्तर देण्याचा अधिकार मला अजून नाही, पण समोरच्या माणसाला ‘बाबा, जेवण करून या, तीन वाजता डॉक्टर सांगतील’ एवढे आता मी म्हणू शकते.

आमच्या शिबिरांच्या तारखा पूर्वी कार्यालयाच्या सोयीने लागत आणि बहुतेक दिवाळीनंतर पडत, म्हणजे टोळ्या निघून गेल्यावर. यंदा आशाताईंनी आणि मी आग्रह धरून चार वस्त्यांची शिबिरे भाद्रपदात घ्यायला लावली. पहिले येत्या बुधवारी आहे. दोन बॅटऱ्या भरून ठेवल्या आहेत, ट्रूनॅटच्या चिप्स स्वतः मोजून घेतल्या आहेत, मुकादमांना निरोप गेला आहे, आणि गाडीत ठेवायच्या सामानाच्या यादीत आशाताईंनी आपल्या हाताने शेवटी लिहिले आहे: रबरबँड, दोन पाकिटे.